मोनो म्हणजे अर्धा स्टिरिओ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात रेकॉर्ड ऐकणारे पुन्हा वाढू लागले आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी गठ्ठे चाळणारी तरुण मुले दिसतात, माळ्यावर पडलेली टर्नटेबले दुरुस्तीला निघतात. मात्र साठच्या दशकातल्या रॉक अल्बमांबद्दल एक समज त्याच वेगाने पक्का होत चालला आहे आणि तो खोडून काढायला हवा. कव्हरवर ‘मोनो’ (सगळा आवाज एकाच चॅनलमध्ये) दिसले की रेकॉर्ड परत गठ्ठ्यात जाते, ‘स्टिरिओ’ (डाव्या-उजव्या स्पीकरसाठी दोन वेगळे चॅनल) दिसले की भाव चढतो. मोनो म्हणजे जुने, अपुरे, स्टिरिओतला अर्धा भाग, असे सगळे धरूनच चालतात. १९६८ पर्यंतच्या अनेक महत्त्वाच्या रॉक अल्बमांच्या बाबतीत हे साफ चूक आहे. त्यांची मोनो आणि स्टिरिओ ही दोन स्वतंत्र मिक्स, म्हणजे सुटे मुद्रित आवाज जुळवून केलेल्या दोन वेगळ्या अंतिम प्रती, होती. मूळ टेप त्याच, पण मिक्स वेगळ्या दिवशी केलेले, आवाजांचे प्रमाण वेगळे, कधी तर गाण्याची लांबी आणि पट्टीही वेगळी.

सगळ्यांच्या घरी असणारे उदाहरण घेऊ. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ १९६७ साली निघाला. त्या वेळी इंग्लंडात घरोघरी एका स्पीकरचा प्लेअर असे, रेडिओवर पॉप संगीत मोनोतच लागे आणि सिंगल्सही मोनोच निघत. बीटल्सचे तिथले पहिले स्टिरिओ सिंगल १९६९ चे आहे. साहजिकच चौघांनी लक्ष घातले ते मोनो मिक्समध्ये. स्टिरिओ मिक्स नंतर निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी थोड्या दिवसांत उरकले. फरक किती पडला ते ऐकायला ‘शीज लीव्हिंग होम’ लावा आणि शेजारी पेटी घेऊन बसा. जुन्या स्टिरिओ मिक्समध्ये गाणे पांढरी तीनवर बसते. मोनोत ते जवळजवळ पांढरी चारवर जाते आणि काही सेकंद लवकर संपते, कारण मोनो करताना टेपचा वेग वाढवला होता. एका पट्टीने गाण्याचा स्वभाव बदलतो. स्टिरिओत ते जडावलेले, रेंगाळणारे वाटते, मोनोत घर सोडून निघालेल्या मुलीच्या पावलांना घाई येते. ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’मध्ये नेमके उलटे आहे. तिथे मोनो किंचित संथ आहे आणि आवाजावरचे तरंग जास्त गडद आहेत. जॉर्ज यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी २०१७ साली या अल्बमचे नवे स्टिरिओ मिक्स केले, तेव्हा ‘शीज लीव्हिंग होम’साठी मोनोचा वेग घेतला. मूळ हेतू कोणत्या मिक्समध्ये आहे याचा याहून चांगला पुरावा आम्हाला तरी माहीत नाही.

त्याच गटाच्या १९६८ च्या पांढऱ्या कव्हरच्या दुहेरी अल्बममध्ये ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोवर साडेतीन मिनिटांच्या थोडे पुढे संपते. स्टिरिओवर ते साडेचार मिनिटांच्या आसपास चालते. बुडालेला आवाज पुन्हा वर येतो आणि शेवटी ड्रम वाजवणाऱ्याची बोटांना फोड आल्याची ओरड ऐकू येते. मोनोवर ती ओरड नाहीच. ‘डोन्ट पास मी बाय’ मोनोत वेगवान आहे. हा अल्बम इंग्लंडात मोनो आणि स्टिरिओ दोन्ही निघाला, अमेरिकेत फक्त स्टिरिओ. बीटल्सचा स्वतंत्र मोनो मिक्स असलेला हा शेवटचा अल्बम. १९६९ च्या ‘यलो सबमरीन’ची इंग्लंडातली मोनो रेकॉर्ड म्हणजे स्टिरिओचे दोन चॅनल एकत्र करून काढलेली प्रत आहे. ती मोनो म्हणून जपण्यात अर्थ नाही.

मोनो आणि स्टिरिओ असे वेगळे का पडतात, याचे एक कारण टेपमध्ये आहे. त्या काळी चार ट्रॅकच्या टेपवर काम चाले. जागा संपली की चार ट्रॅक मिसळून दुसऱ्या टेपच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे वाजवायचे. एकदा ड्रम, बेस आणि गिटार एका ट्रॅकवर मिसळले की ते कायमचे एकत्र. स्टिरिओ करताना तो अख्खा ट्रॅक डावीकडे, उजवीकडे किंवा मध्ये, एवढेच हातात उरते. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या (१९६६) ‘टॅक्समन’च्या जुन्या स्टिरिओत बॅलन्सचे बटण पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. ताल धरणारे जवळजवळ सगळे गायब होते, कारण ड्रम, बेस आणि गिटार मिळून डाव्या स्पीकरमध्ये आहेत. मोनोत हेच तिघे गाण्याच्या पाठीशी एकत्र उभे असतात आणि गाणे धडकते. २०२२ च्या नव्या मिक्ससाठी संगणकाने हे मिसळलेले आवाज सुटे करावे लागले, तेव्हा कुठे त्यांना वेगवेगळ्या जागा देता आल्या.

दुसरे कारण असे, की काही गोष्टी टेपवर नव्हत्याच, त्या मोनो मिक्स चालू असताना थेट घातल्या गेल्या. ‘आय अ‍ॅम द वॉलरस’ या बीटल्सच्या गाण्याच्या उत्तरार्धात बीबीसी रेडिओवरचे ‘किंग लिअर’ नाटक ऐकू येते. ते २९ सप्टेंबर १९६७ रोजी मोनो मिक्स करताना चालू रेडिओवरून घेतले होते. सुटा ट्रॅक नसल्याने त्या वेळच्या स्टिरिओत गाणे अर्ध्यावर आले की खरा स्टिरिओ संपतो आणि पुढे मोनोच नकली स्टिरिओ करून जोडलेले आहे. हेडफोन लावला की मध्येच आवाजाचा पसारा बदलल्याचे स्पष्ट कळते. झॉम्बीज या गटाच्या ‘ओडेसी अँड ऑरकल’मधल्या ‘धिस विल बी अवर इयर’चेही तसेच. त्यातली पितळी वाद्ये मोनो मिक्सच्या वेळी वाजवून घातली, म्हणून स्टिरिओ रेकॉर्डवरही तिथे मोनोच वापरावे लागले.

याचा अर्थ मोनो नेहमी श्रेष्ठ असा नाही. अलीकडे दुसरे टोक गाठलेलेही बरेच भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत. पिंक फ्लॉइडच्या ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’मधल्या (ऑगस्ट १९६७) ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’च्या शेवटाकडे आवाज डावी-उजवीकडे झपाझप झुलतो. ती कल्पनाच स्टिरिओची आहे. जिमी हेंड्रिक्सच्या ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ची सुरुवात मोनोत ऐकली तर अर्धा परिणाम हातचा गेला, कारण तिथे गिटारचा आवाज एका स्पीकरमधून दुसऱ्यात फिरवलेला आहे. उलट बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ (१९६६) मोनो म्हणूनच घडला. तो घडवणाऱ्या ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे आणि आवाजांचे थर एकजीव व्हावेत हीच त्यांची धडपड होती. त्याचे खरे स्टिरिओ मिक्स मूळ टेपांवरून तयार होऊन १९९७ साली बाहेर आले. कोणते वाद्य काय वाजवत आहे याचा अभ्यास करायला ते फार उपयोगी पडते. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मोनोच ऐकावे, असे आमचे ठाम मत आहे.

आता तुलना करायची कशी, ते थोडे विस्ताराने. कारण चुकीच्या रीतीने ऐकून काढलेला निष्कर्ष सांगणारेच जास्त भेटतात.

सगळ्यात पहिली चूक मोबाइलवर होते. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असे बटण असते. ते लावले की मोनो मिक्स ऐकू येते असे पुष्कळांना वाटते. ते बटण फक्त स्टिरिओचे दोन चॅनल एकत्र करते. एकाच डब्यातला ब्लूटूथ स्पीकरही बहुधा तेच करतो. असे एकत्र केल्यावर काय बिघडते ते पाहा. मध्ये ठेवलेला गायकाचा आवाज दोन्ही चॅनलमध्ये सारखा असतो. बेरजेची सरासरी घेतली तरी तो होता तसाच राहतो. फक्त डावीकडे असलेली गिटार मात्र ६ डेसिबलने खाली येते आणि आता ती दोन्ही स्पीकरमधून वाजते. खोलीतला हिशेब केला तर गिटारच्या तुलनेत गायक सुमारे ३ डेसिबलने पुढे येतो. म्हणजे मिक्स करणाऱ्याने जमवलेले प्रमाण मोडले. त्याहून वाईट म्हणजे, जो आवाज एका चॅनलमध्ये सुलटा आणि दुसऱ्यात उलटा आहे तो पार नाहीसा होतो. एकाच आवाजाच्या दोन प्रती किंचित मागेपुढे करून दोन बाजूंना ठेवल्या असतील, तर बेरजेत काही स्वर कापले जातात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. एक मिलिसेकंदाचा फरक असेल तर पहिली खोच ५०० हर्ट्झला, मग १५०० ला, मग २५०० ला पडते. हे ऐकून ‘मोनो फिके लागते’ म्हणणारा खऱ्या मोनोबद्दल बोलतच नसतो. ते सेटिंग चालू राहिले आहे का, हेही एकदा तपासा. चालू असेल तर तुम्ही स्टिरिओदेखील ऐकलेले नाही.

दुसरी चूक स्पीकरच्या वायरींची. एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्या असतील तर मोनो रेकॉर्डचा आवाज मध्ये न येता डोक्याभोवती पसरतो आणि खर्ज नाहीसा होतो. स्टिरिओत हा दोष झाकला जातो, मोनोत लगेच उघडा पडतो. म्हणून मोनो लावून दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. गायक एका बोटाएवढ्या जागेतून, ऐन मधून गाताना ऐकू आला पाहिजे. येत नसेल तर एका स्पीकरच्या मागच्या वायरी अदलाबदल करून पुन्हा ऐका.

खरे तर मोनो एकाच स्पीकरवर ऐकावे. दोन स्पीकरमधून मोनो वाजवले की उजव्या कानाला उजव्या स्पीकरचा आवाज आधी आणि डाव्याचा सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो, डाव्या कानाला उलटे. त्यामुळे २००० हर्ट्झच्या आसपास आवाज किंचित खचतो, आणि शब्द स्पष्ट कळतात ते बऱ्याच अंशी याच पट्ट्यात. शिवाय दोन स्पीकरचा खर्ज एकमेकांत मिळून फुगतो. आपल्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तर हे फारच जाणवते. बॅलन्सचे बटण पूर्ण एका बाजूला फिरवा, तो स्पीकर उचलून समोर मध्यभागी ठेवा, कानाच्या उंचीवर आणा आणि आवाज थोडा वाढवा. ‘पेट साउंड्स’ असा ऐकला की आवाजांचे थर रुंदीत नसून खोलीत, एकामागे एक लावले आहेत हे कळते.

तिसरी गोष्ट आवाजाची पातळी. १ डेसिबलने मोठे वाजलेले कानाला नेहमी ‘चांगले’ वाटते, आणि तो मोठेपणा आवाज वाढल्यासारखा न वाटता भरीवपणा वाढल्यासारखा वाटतो. बीटल्सच्या २००९ च्या सीडी घेतल्या तर स्टिरिओ सीडींवर थोडे लिमिटिंग (शिखरे दाबून एकूण आवाज चढवणे) आहे, मोनो संचावर नाही. त्यामुळे स्टिरिओ मुळातच चढ्या आवाजात वाजते. संगणकावर तुलना करत असाल तर दोन्ही फायली एलयूएफएस मीटरने (कानाला जाणवणारी पातळी मोजणाऱ्या) सारख्या करा, फरक ०.२ डेसिबलच्या आत आणा. शिखरे मोजणारा मीटर वापरू नका. दोन मिक्समधली शिखरे सारखी असूनही ऐकू येणारा आवाज वेगळा असतो. रेकॉर्डवर ऐकत असाल तर मोबाइलचे मीटर बसायच्या जागी ठेवून गायकाच्या त्याच ओळीला आकडा जुळवा. हे ढोबळ आहे, तरी न जुळवण्यापेक्षा पुष्कळ बरे.

तुलनेला घेतलेल्या दोन प्रती एकाच काळातल्या आणि शक्यतो एकाच कंपनीच्या असाव्यात. १९६७ ची झिजलेली मोनो रेकॉर्ड आणि २०१७ चे नवे मिक्स शेजारी ठेवले तर पन्नास वर्षांच्या तंत्राची तुलना होईल, मिक्सची नाही. आणखी एक खोच आहे. बीटल्सच्या ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ यांच्या साध्या स्टिरिओ सीडींवरचे मिक्स १९६५ चे नाही. १९८७ च्या सीडीसाठी जॉर्ज मार्टिन यांनी ते नव्याने केले. १९६५ चे मूळ स्टिरिओ २००९ च्या मोनो संचातल्या सीडींवर मोनोच्या पाठोपाठ दिले आहे. या दोन अल्बमांची खरी तुलना करायची असेल तर तो एकच संच पुरतो.

रेकॉर्डवर ऐकताना वेग तपासल्याशिवाय पट्टीबद्दल बोलूच नये. अर्धा स्वर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के फरक, आणि पट्टा सैल झालेले टर्नटेबल २-३ टक्के सहज चुकते. स्ट्रोब तबकडीवर (वेग तपासायची रेघांची चकती; वेग बरोबर असेल तर दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात) आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची १८० रेघांची ओळ बघा. २१६ रेघांची ओळ ६० हर्ट्झची, म्हणजे अमेरिकेची. एलईडी दिव्याखाली रेघा बहुधा नीट दिसत नाहीत. चोक-स्टार्टरची जुनी ट्यूबलाइट लागते. परदेशातून आणलेल्या टर्नटेबलांचा घोटाळा इथेच उघड होतो. अमेरिकेतले जुने, विजेच्या लहरीवर चालणाऱ्या मोटारीचे टर्नटेबल इथे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवले की ते जळत नाही, पण ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे फिरते आणि गाणे तीन पट्ट्यांहूनही खाली उतरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची मोठी पुली बसवणे. फिटरला नमुना द्यायचा तर जुन्या पुलीचा व्यास मोजून त्याच्या १.२ पट सांगावा, पट्ट्याची जाडी लक्षात घेऊन.

आता सुई आणि कार्ट्रिज, म्हणजे सुईची हालचाल विजेत बदलणारा छोटा भाग. मोनो रेकॉर्डच्या खाचेत सुई फक्त आडवी, डावी-उजवीकडे हलते. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंतींवर ४५ अंशांत दोन वेगळे चॅनल कोरलेले असतात. ॲलन ब्लमलिन यांनी १९३१ साली पेटंटसाठी मांडलेली ही कल्पना १९५८ मध्ये बाजारात आली. या भूमितीचा परिणाम असा, की दोन चॅनलची बेरीज म्हणजे आडवी हालचाल आणि वजाबाकी म्हणजे उभी हालचाल. मोनो रेकॉर्डवर उभ्या हालचालीत संगीत नसतेच. असते ती धूळ, रेकॉर्डचा बाक, मोटारीची घरघर. म्हणून मोनो रेकॉर्ड स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवली तरी ॲम्प्लिफायरचे ‘मोनो’ बटण दाबावे. खरखर निम्मी झाल्यासारखी वाटते आणि गायक जागेवर बसतो. जुन्या रेकॉर्ड खराब म्हणून टाकून देण्याआधी एवढे करून पाहा.

नव्या ॲम्प्लिफायरना हे बटण नसते. तिथे वायरनेच काम भागवता येते. तपकीर गल्लीत आरसीएच्या दोन ‘वाय’ वायरी घ्या, एकीला दोन माद्या आणि एक नर, दुसरीला एक मादी आणि दोन नर. टर्नटेबलमधून येणाऱ्या दोन पिना पहिलीत, तिचे टोक दुसरीत, आणि दुसरीच्या दोन पिना ॲम्प्लिफायरच्या फोनोच्या, म्हणजे टर्नटेबलसाठीच्या, दोन सॉकेटमध्ये. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजला हे चालते. दोन कॉइल समांतर आल्याने इंडक्टन्स निम्मा होतो, तसाच दोन इनपुटमुळे भार ४७ किलोओहमचा निम्मा आणि कपॅसिटन्स दुप्पट होतो, आणि हिशेब जागच्या जागी राहतो. म्हणूनच एकच ‘वाय’ लावून एकाच सॉकेटमध्ये जोडू नका, वरच्या स्वरांचा तोल बदलतो. जोडल्यावर हम (सततची गुणगुण) वाढला तर अर्थिंगची वायर तपासा. वेगळा फोनो प्रीअॅम्प (टर्नटेबलचा बारीक आवाज आधी वाढवणारा डबा) असेल आणि जोड त्याच्या पुढे द्यायचा असेल, तर दोन आउटपुट सरळ एकमेकांना कधीच चिकटवू नका. प्रत्येक आउटपुट दुसऱ्याला भार होतो आणि आवाज फाटतो. प्रत्येक बाजूला मधल्या तारेत १ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर घालून मग जोड द्यावा.

सुईच्या टोकाकडेही लक्ष हवे. मोनो एलपीची सुई १ मिल, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन त्रिज्येची. स्टिरिओची ०.७ मिल, सुमारे १८ मायक्रॉन. बारीक सुई रुंद खाचेत खोल उतरते. याचा कधी फायदाही होतो. पूर्वी जड टोनआर्मने (सुई धरणाऱ्या दांड्याने) घासून भिंतीचा वरचा भाग झिजला असेल, तर बारीक सुई खाली कोऱ्या भागावर चालते आणि मेलेली वाटणारी रेकॉर्ड जिवंत होते. मात्र ती तळाला टेकली की सतत सूं असा आवाज येतो. तेव्हा रुंद सुई लावावी. अलीकडे पुन्हा काढलेल्या मोनो रेकॉर्ड स्टिरिओच्याच यंत्रावर कोरलेल्या असतात, त्यांना १८ मायक्रॉनची सुई बरोबर बसते. एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: फार जुनी मोनो कार्ट्रिज वर-खाली हलतच नाही. तिच्यावर स्टिरिओ रेकॉर्ड लावली तर पहिल्याच फेरीत ती खाच खरवडते, आणि ते नुकसान कायमचे.

विकत घेताना काय पाहावे? इंग्लंडातल्या बीटल्सच्या पार्लोफोन कंपनीच्या रेकॉर्डच्या क्रमांकात पीएमसी म्हणजे मोनो, पीसीएस म्हणजे स्टिरिओ. डेक्कावर एलके आणि एसकेएल. अमेरिकेतल्या कॅपिटलवर टी म्हणजे मोनो, एसटी म्हणजे स्टिरिओ, आणि डीटी दिसले तर सावध व्हा. ते ‘ड्युओफोनिक’, म्हणजे मोनोचा खर्ज एका बाजूला, वरचे स्वर दुसऱ्या बाजूला ढकलून आणि थोडा उशीर घालून केलेला नकली स्टिरिओ. ‘पेट साउंड्स’ त्या काळी असाही विकला गेला. दोन्ही चॅनल परत एकत्र केले तरी त्यातून मूळ मोनो मिळत नाही, कारण गाळलेले आणि मागेपुढे केलेले स्वर जुळत नाहीत. आपल्याकडच्या एचएमव्ही रेकॉर्डवर ईसीएलपी आणि ईएएलपी हे मोनोचे, ईसीएसडी आणि ईएएसडी हे स्टिरिओचे क्रमांक. ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ (म्हणजे नकली स्टिरिओ) असे बारीक अक्षरात कुठे छापले आहे का ते कव्हरच्या मागच्या बाजूला शोधावे. समोर मोठ्या अक्षरात फक्त स्टिरिओ असते. कव्हर बदललेले असू शकते, म्हणून शेवटचा शब्द रेकॉर्डच्या लेबलचा.

लेबलवरही भरवसा नसेल तर संगणकाला विचारा. रेकॉर्ड ‘ऑडॅसिटी’ या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उतरवून घ्या, दोन्ही चॅनल सुटे करा, त्यांची पातळी जुळवा, एक उलटा करा आणि दोन्ही मिसळा. नुसती खरखर उरली तर खरे मोनो. प्रतिध्वनी, झांजा किंवा एखादे वाद्य उरले तर स्टिरिओ. सगळेच गाणे पातळ होऊन, खर्ज आणि वरचे स्वर सुटे पडल्यासारखे उरले तर नकली स्टिरिओ समजावे. पातळी जुळवायला विसरू नका. १ डेसिबलचा फरक राहिला तरी गाणे फक्त १९ डेसिबलने खाली जाते आणि मोनो असूनही स्टिरिओ असल्याचा भास होतो.

शहरातल्या रेकॉर्ड विक्रेत्यांना आमचे सांगणे आहे, की किमतीच्या चिठ्ठीवर मोनो, स्टिरिओ की नकली स्टिरिओ हे क्रमांकासह लिहावे आणि मोनो म्हणून सरसकट भाव पाडू नये. श्रवणसत्रे भरवणाऱ्यांनी एखादे सत्र असे ठेवावे, की एकच गाणे आधी एका स्पीकरवर मोनो आणि मग दोन स्पीकरवर स्टिरिओ, पातळी जुळवून, कोणते कोणते ते न सांगता ऐकवायचे. त्यासाठी ‘टॅक्समन’ आणि ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ ही जोडी घ्यावी. पहिल्यात बहुतेकांचे मत मोनोकडे जाईल आणि दुसऱ्यात स्टिरिओकडे, असा आमचा अंदाज आहे. आणि आपल्या वृत्तपत्रात जुन्या अल्बमांवर लिहून येते तेव्हा नावापुढे कंसात मोनो की स्टिरिओ आणि मिक्सचे साल एवढे छापावे, ही आपल्याला विनंती.

आपले,
जुन्या रेकॉर्ड ऐकणारे काही वाचक
पुणे